सीमेपलीकडची बंडी

त्या रात्री मामाने बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवली होती. बंडीखाली टांगलेला कंदीलही विझवलेला. मी सहावी-सातवीत असेन. दिवाळीची सुट्टी संपत आली होती, आणि नागपूरला परत जायच्या आधी एकदा कापसावर झोपायचं म्हणून मी हट्ट धरला होता. कापूस लांबून मऊ दिसतो, पण वेचलेल्या कापसात सरकी असते आणि ती पाठीला रात्रभर टोचते. ऊब मात्र अशी येते की दुलई नको. मी विचारलं, "मामा, घुंगरं कुठं गेली?"

"झोपली. तू बी झोप."

जाग आली तेव्हा आम्ही पांढुर्ण्याला एका जिनिंगच्या आवारात होतो. म्हणजे मध्य प्रदेशात. मला काही वेगळं वाटलं नाही, कारण माणसं मराठीच बोलत होती आणि चहाही आपल्याकडच्यासारखाच गोडमिट्ट होता. मामाने नोटा दोनदा मोजल्या, कोपरीच्या आतल्या खिशात घातल्या आणि मला पाव किलो शेव घेऊन दिली. परतीच्या वाटेवर रिकाम्या बंडीत घुंगरं पुन्हा बैलांच्या गळ्यात आली.

आम्ही केला तो गुन्हा होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. राज्यात पिकलेला कापूस कास्तकाराने सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा. खासगी व्यापाऱ्याला द्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू वाईट नव्हता. हंगामाच्या तोंडावर भाव पाडणं, काट्यात मारणं, उधारीत अडकवणं हे सगळं व्यापारी करतच होते. तेव्हा सरकार म्हणालं, आम्हीच घेतो सगळा. भाव आम्ही बांधून देतो. बाजार वर गेला तर फायद्यात तुमचा वाटा, खाली गेला तर तोटा आमचा.

ऐकायला किती छान. पण ज्या वर्षी सीमेपलीकडे भाव चढा, त्या वर्षी विदर्भातला कापूस घुंगरं काढून तिकडे जायचा. ज्या वर्षी इकडचा भाव चढा, त्या वर्षी तिकडचा कापूस इकडे यायचा आणि महाराष्ट्राचा म्हणून केंद्रावर चढायचा. म्हणजे कमाईच्या वर्षी सरकारच्या हाती कापूस कमी आणि नुकसानीच्या वर्षी बक्कळ. असा धंदा तीस वर्षं कोण चालवणार? सरकारच चालवू शकतं. नाके होते, पोलीस होते, कायदा होता. मी मोठी झाल्यावर मामाला छेडलं की तू स्मगलर होतास, तर तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "नाक्यावर पोलीस उभा करता येते. भावावर कोन उभा करीन?"

मामा सातवी नापास. पुढे बँकेत बत्तीस वर्षं काढली, प्रशिक्षणाच्या नावाखाली पुष्कळ भाषणं ऐकली, पण सरकार आणि बाजार यांच्याबद्दल त्याच्यापेक्षा वेगळं मला कोणी फारसं सांगितलं नाही. ती बंडी मात्र भलभलत्या ठिकाणी आठवत राहिली.

२००८ साली मी सीताबर्डीच्या शाखेत काउंटरवर होते. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता तेव्हा आमच्या शाखेतले शिपाईदेखील जेवणाच्या सुट्टीत शेअरचे भाव विचारायचे. ऑक्टोबरच्या अखेरीस तो साडेआठ हजारांपर्यंत खाली आला आणि डबे मुकाट्याने उघडले जाऊ लागले. मधल्या काळात अमेरिकेत काय काय झालं ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, सरकारने तिला वाचवलं नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलर देऊन वाचवलं. सोमवारी तत्त्व, मंगळवारी तिजोरी! एक बुडू दिली आणि दुसरी का नाही, याची कारणं नंतर पुस्तकं भरून लिहिली गेली. मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं, की सोमवारी काय झालं ते बघून मंगळवारी ते घाबरले, बस्स.

मग आली बँकांना वाचवायची ७०० अब्ज डॉलरची योजना. २९ सप्टेंबरला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ती २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली. लोकांचे प्रतिनिधी लोकांच्या रागाला जागले, क्वचित घडणारी गोष्ट. तिथल्या शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी पडला. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, थोडेफार फेरफार करून तीच योजना मंजूर झाली. जगातलं सगळ्यात ताकदवान सरकार आणि शेअरबाजार यांच्यात त्या आठवड्यात कोणी कोणाचा हात पिरगळला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

त्याच वर्षी आमच्याकडेही एक माफी चालू होती. २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांना संपूर्ण माफी. त्याच्या वरच्यांनी थकबाकीचा पाऊण हिस्सा भरला तर पाव हिस्सा माफ. आता पाच एकर ओलीत असलं तर माणूस ऊस लावतो, संत्र्याची बाग करतो. आमच्या कोरडवाहू भागात नऊ-दहा एकरवाला कास्तकारही पावसाकडे बघत बसलेला असतो. ज्या विदर्भातल्या आत्महत्यांमुळे कर्जमाफीचा विषय दिल्लीपर्यंत गेला, तिथलेच कितीतरी कास्तकार त्या पाच एकरांच्या रेघेबाहेर राहिले. पुढे कोरडवाहू जिल्ह्यांसाठी २० हजार किंवा पाव हिस्सा, जे जास्त असेल ते, अशी दुरुस्ती झाली. रेघ तिथेच राहिली.

त्या सुमारास एका प्रशिक्षणात आम्हाला मॉरल हॅझर्ड शिकवला गेला. वाचवणारा आहे हे माहीत असलं की माणूस बेफिकीर होतो, असा त्याचा अर्थ. शिकवणाऱ्याने दिलेली सगळी उदाहरणं कर्जमाफीची होती. माफी दिली की शेतकऱ्यांची परतफेडीची सवय मोडते वगैरे. मागून कोणीतरी विचारलं, "आणि सर, वॉल स्ट्रीटची सवय?" हशा झाला आणि सर पुढच्या स्लाइडवर गेले.

पण तेव्हाही, म्हणजे हशात सामील होतानाही, मला बेलआउट, म्हणजे बुडणाऱ्याला सरकारी पैशाने वाचवणं, सरसकट चूक वाटत नव्हतं. काउंटरवर बसलेल्या माणसाला ते तसं वाटूच शकत नाही. बँकेत ठेवलेले पैसे बँकेत नसतात, ही गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि लोकांपुढे मात्र ती कधी मोठ्याने बोलायची नसते. ते पैसे कोणाच्या तरी घरकर्जात, कोणाच्या तरी जिनिंगमध्ये गेलेले असतात. सगळे एकदम मागायला आले तर जगातली कुठलीच बँक देऊ शकत नाही. म्हणून कोणीतरी मोठं माणूस पाठीशी उभं आहे, असं दिसावं लागतं. दिसलं की बहुतेक वेळा पुढे यावं लागत नाही.

आपल्याकडे हे नाटक सगळ्यात मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर झालं ते लोकांचे पैसे शेअरांत गुंतवणाऱ्या युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ मध्ये. १९६४ ची योजना, दहा रुपयांचं युनिट, आणि नावामागे संसदेचा कायदा. निवृत्त शिक्षकांपासून विधवा आत्यांपर्यंत सगळ्यांनी ती सरकारी समजून घेतली होती. युनिटची किंमत युनिट ट्रस्ट स्वतः ठरवायचा, आतल्या शेअरांचा भाव काहीही असो. माझ्या मामाच्या कापसासारखाच बांधलेला भाव! १९९८ मध्ये आत खड्डा पडल्याचं कळलं तेव्हा सरकारने एकदा हात दिला. लोक निर्धास्त झाले. पण हुशार मंडळींना सीमेपलीकडचा भाव कळतोच. २ जुलै २००१ ला युनिट ट्रस्टने खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैसे काढून घेतलेले होते. बांधलेल्या भावाने, बरं का. त्यांच्या बंडीची घुंगरं कोणी ऐकली नाहीत. छोट्यांना मग ३ हजार युनिटपर्यंत दहा रुपयांचा दर आणि दरमहा दहा पैशांची वाढ, अशी खिडकी उघडून देण्यात आली.

पुढची गोष्ट फार सांगितली जात नाही. २००२ मध्ये सरकारने कायदा करून युनिट ट्रस्टचे दोन तुकडे केले आणि बुडीत भाग स्वतःच्या अंगावर घेतला. त्या गाठोड्यात आयटीसी, लार्सन अँड टुब्रो आणि आज ॲक्सिस म्हणतात त्या बँकेचे शेअर होते. तेव्हा त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. पुढच्या वीस वर्षांत तेच थोडे थोडे विकून सरकारने निर्गुंतवणुकीची, म्हणजे आपल्याकडचे शेअर विकून पैसे उभे करायची, उद्दिष्टं गाठली. एआयजीतूनही अमेरिकी सरकार शेवटी सुमारे २३ अब्ज डॉलर नफा घेऊन बाहेर पडलं. म्हणजे सरकारजवळ जी एक गोष्ट असते आणि निवृत्त शिक्षकाजवळ नसते, ती म्हणजे वेळ. सत्तर वर्षांच्या माणसाला वीस वर्षं थांबून नफा कमावता येत नाही.

हे सगळं मी इतकं शहाण्यासारखं लिहिते आहे, तर आता आईची गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वीची सकाळ. नागपूरच्या एका सहकारी बँकेच्या शटरवर चार पानांची नोटीस फेव्हिकॉलने चिकटवलेली. नाव लिहीत नाही. अशा इतक्या झाल्या की नावाने काही फरक पडत नाही. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेले, खात्यामागे पाच हजारांच्या वर काढता येणार नाहीत. फेव्हिकॉल अजून ओला होता आणि त्यामुळे कागदाला मधोमध फुगे आले होते, नेमके आकड्यांवर. मागचा माणूस पुढच्याला विचारत होता, पुढचा म्हणत होता, वाचू द्या ना भाऊ. फाटकाशी एक बाई पिशवीतून पासबुक काढायची, उघडायची, परत आत ठेवायची. पुन्हा काढायची. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. आई पायरीवर बसली होती आणि तिने घरून पाण्याची बाटली, सुपारीची डबी आणि बसायला जुनं वर्तमानपत्र आणलं होतं, कारण रेशनच्या, गॅसच्या, नोटाबंदीच्या रांगांनी तिला तयार केलेलं होतं.

तिचे तिथे ६ लाख ४० हजार होते. मी राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि माझ्या आईची ठेव तिथे! का? कारण ज्येष्ठांना पाऊण टक्का व्याज जास्त होतं आणि मॅनेजर घरी येऊन पावती देऊन जायचा. मी एकदा म्हटलं होतं, आई, एवढे एका ठिकाणी नको. ती म्हणाली, "अगं, बाहेर रिझर्व्ह बँकेचं नाव लिहिलेलं आहे." मी पुढे बोलले नाही. खरं तर मलाही वाटत होतं की बुडू देणार नाहीत. मॉरल हॅझर्डवरच्या त्या हशात मीही होते ना? पाऊण टक्क्यासाठी बेफिकीर झालेली बाई माझ्याच घरात होती, आणि तिला थांबवायला पगार घेणारी दुसरी.

त्या पायरीवर आईने मला विचारलं, "मग सरकार कशाला असते?"

ती रागावलेली नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी तेव्हा काहीतरी पुटपुटले. नीट उत्तर शोधायला मला पुढे बराच काळ लागला आणि ते फिरून फिरून परदेशातच सापडत गेलं.

आइसलँड घ्या. लोकसंख्या जेमतेम सव्वातीन लाख, नागपूरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी. तिथल्या तीन बँका फुगत फुगत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्यात तिन्ही कोसळल्या. सरकारने त्या वाचवल्या नाहीत याबद्दल नंतर आइसलँडचं फार कौतुक झालं, बघा कसं बाणेदार! पण त्यांच्यापुढे वाचवण्याचा पर्याय होता कुठे? दहापट ओझं कोणत्या खांद्यावर घेणार? आपल्या लोकांच्या ठेवी त्यांनी राखल्या, परदेशी घेणेकऱ्यांना थांबवलं आणि देशाबाहेर पैसे जाऊ नयेत म्हणून निर्बंध लावले. ते पूर्ण उठायला २०१७ उजाडलं.

आयर्लंडकडे पर्याय आहे असं आयर्लंडला वाटलं. अमेरिकेत योजना फेटाळली गेली त्याच रात्री डब्लिनमध्ये मंत्री आणि बँकवाले बसले आणि पहाटेपर्यंत ठरलं की सहा बँकांच्या जवळजवळ सगळ्या देण्यांना सरकारची हमी. रक्कम सुमारे ४४० अब्ज युरो, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. हिशेब असा असावा की इतका मोठा शब्द दिला की तो पाळायची वेळच येणार नाही. पण बँकांच्या पोटातलं कर्ज खरोखरच सडलेलं होतं. भीती असती तर शब्दाने गेली असती. खड्डा होता, तो शब्दाने कसा भरणार? दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, आयर्लंडलाच ८५ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. विहिरीत पडलेल्याला काढायला दोर टाकला, दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलेलं.

हाँगकाँगचं उलटं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये सट्टेबाजांनी तिथलं चलन आणि शेअर दोन्हीकडून धरले, तेव्हा सरकारने स्वतः बाजारात उतरून दोन आठवड्यांत ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर घेतले. मुक्त बाजाराचे भक्त चिडले. वर्षभरात भाव सावरले, सरकारने ते शेअर हळूहळू जनतेला विकले आणि वर नफा केला. इथे कंपन्या धड होत्या, हल्ला भीतीवर होता. म्हणून जमलं. तेच चीनने २०१५ च्या जुलैमध्ये करून पाहिलं. दलाल कंपन्यांकडून १२० अब्ज युआन उभे केले, मोठ्या भागधारकांना सहा महिने विकायला बंदी घातली, निम्म्या कंपन्यांचे व्यवहार थांबले. कोणाला तुरुंगात टाकायचं ठरवलं तर विचारणारं कोणी नाही, असं ते सरकार. तरी २४ ऑगस्टला शांघायचा निर्देशांक एका दिवसात साडेआठ टक्के पडला. तिथे भावच आधी वर्षभर हवेत चढवलेला होता. पोलीस होते, नाके होते.

तेव्हा मामाच्या वाक्यात मला एक छोटी भर घालावीशी वाटते. भावावर पोलीस उभा करता येतो, पण थोडा वेळच. भाव खोट्या घाबरगुंडीने पडला असेल तर तेवढा वेळ पुरतो. खऱ्या कारणाने पडला असेल तर पोलिसाच्या पगाराचं बिल तेवढं वाढतं. आणि गंमत अशी की त्या क्षणी, रात्रीच्या दोन वाजता, टेबलाभोवती बसलेल्यांना यातलं कोणतं आहे ते कळत नसतं.

घरी परत येते. आमच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचं प्रकरण २००२ चं. सुमारे १५० कोटींचे सरकारी रोखे खासगी दलाल कंपन्यांमार्फत घेतल्याचं दाखवलं गेलं आणि रोखे कधी आलेच नाहीत. त्यातल्या एका कंपनीच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान होते. जगातली सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक म्हणजे सरकारी रोखा, त्याच्याच नावावर कास्तकारांच्या बँकेचे पैसे गेले. पुढे बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, केंद्राने देशातल्या २३ आजारी जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. न्यायालयाचा निकाल २०२३ च्या डिसेंबरात आला. एकवीस वर्षं. अमेरिकेला चार दिवस लागले होते, कारण तिथे रोज सकाळी साडेनऊला बाजार उघडतो आणि आकडा दाखवतो. नरखेडच्या सोसायटीचा सभासद कर्ज न मिळाल्याने सावकाराकडे गेला, तर त्याचा निर्देशांक कुठे पडताना दिसत नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. कोणाचं नुकसान किती मोठ्याने वाजतं यावर दोर किती लवकर येतो ते ठरतं.

आईच्या पैशांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. केरळात १९६० साली पालई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर आपल्याकडे ठेव विमा आला. १९६२ मध्ये संरक्षण फक्त दीड हजार रुपयांचं होतं. १९९३ मध्ये ते एक लाख झालं आणि तिथेच सत्तावीस वर्षं बसून राहिलं. २०२० च्या फेब्रुवारीत पाच लाख झालं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत पैसे देण्याची सोय झाली. हप्ता बँका भरतात, तेव्हा तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला बारा पैसे होता. ना मध्यरात्रीची बैठक, ना पंतप्रधानांचं भाषण. हमी किती, कोणाला, कधी, हे आधीच छापलेलं. बेलआउटच्या सगळ्या खानदानात मला हे एक पोर सरळ वळणाचं वाटतं, आणि म्हणूनच त्याच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

फॉर्म भरला, आधार जोडलं, आईच्या खात्यात पाच लाख जमा झाले. उरलेले १ लाख ४० हजार अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या बँकेची देणीघेणी मिटवणाऱ्याकडे, आहेत. त्या पावतीची झेरॉक्स काढून आईने मूळ पावती देवघराच्या खणात ठेवली आहे. मी म्हटलं, ते आता विसर. ती म्हणाली, "सरकारनं सांगितलं नं, मिळतील तेव्हा मिळतील." सिव्हिल लाइन्समधून रिक्षाने जाताना ती अजूनही रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे पाहून नमस्कार करते की काय अशी मला शंका आहे. नोटाबंदीची मुदत संपल्यावर परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या जुन्या नोटा देशात फक्त पाच कचेऱ्यांत बदलून मिळत होत्या, त्यातली एक ही. लांबलांबून लोक बॅगा घेऊन यायचे आणि फाटकावरून परत जायचे. रात्री आठ वाजता सांगून नोट रद्द करण्याएवढी ताकद सरकारकडे होती. काळा पैसा घरातच कुजेल असं म्हटलं होतं, आणि रद्द केलेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक बँकेत परत आल्या. माझ्याच काउंटरवर आल्या, मीच मोजल्या. मशीन तापून बंद पडायचं, मग हाताने.

मामा गेला. शेत आता मामेभाऊ करतो. एकाधिकार योजना कधीच संपली. आता हमीभावाने कापूस घेतात, पण विकण्याची सक्ती नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. ऑगस्टमध्ये केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ते डिसेंबरअखेरपर्यंत नव्हतं, त्यामुळे बाजारात व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होता. म्हणजे एका हाताने भाव बांधायचा आणि दुसऱ्या हाताने पाडायचा. हमीभावाने विकायला मोबाइलवर नोंदणी लागते, ती मीच नागपुरात बसून करून दिली होती.

"ताई, नंबर लागला," तो म्हणाला. मागे ट्रॅक्टरांचा आवाज. "पण मीटर लावलं त्यानं. ओलावा साडेतेरा दाखवून राहिलं. बाराच्या वर घेत नाही म्हणते."

"मग?"

"मग काय. बाजूलेच व्यापारी उभा हाये. तो घेतो म्हणते, मीटर न लावता."

"किती देतो?"

त्याने आकडा सांगितला. मी काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, ऊन बरं आहे, जिनिंगच्या मागे जागा आहे, ताडपत्री आणलेली आहे. दोन वाजेपर्यंत पसरून बघतो. मी विचारलं, दोनला खिडकी चालू असेल का? तो म्हणाला, विचारून सांगतो, आणि फोन चालूच ठेवून कोणाला तरी हाका मारत गेला.